‘परत न आलेला एक’ : डॉ. कोटणीसांची कथनरूपे

चरित्राचे शीर्षक पुष्कळदा चरित्रनायकापेक्षा निवेदकाविषयी अधिक सांगते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ (1944) असे आहे. काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकातील अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे पाच डॉक्टर 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. चौघे परतले, एक परतला नाही. असे म्हणणारा निवेदक मुंबईच्या धक्क्यावर उभा आहे. त्याला दिसते ती रिकामी जागा. पलीकडे जे घडले ते या रिकामेपणाचे कारण म्हणूनच त्याच्या कथनात येऊ शकते.

ही सवय एकट्या अब्बासांची नाही. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या टोळ्यांविषयी आपण बोलतो, तेव्हाही सांगणारा बहुधा गावातच बसलेला असतो. फडावरचे महिने त्याच्या लेखी गैरहजेरीचे असतात. गेलेल्याचे आयुष्य निघणे आणि परतणे या दोन टोकांनी मोजायचे, मधला भाग कष्ट किंवा त्याग या एका शब्दात गुंडाळायचा, ही आपल्या कथनपरंपरेची जुनी रीत होय. क्रांतीच्या आत राहिलेल्या परकीयाचे आयुष्य या रीतीत बसत नाही. सिडनी रिटनबर्ग हा अमेरिकन चिनी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला आणि त्याच राजवटीच्या तुरुंगात 1949 ते 1955 व 1968 ते 1977 अशी दोनदा राहिला. त्याच्या 1993 सालच्या आत्मकथनाचे नाव ‘द मॅन हू स्टेड बिहाइंड’ असे आहे. ‘परतला नाही’ आणि ‘मागे राहिला’ या दोन वाक्यांत घटना एकच, परंतु पहिल्यात कर्त्याच्या वाट्याला नकार येतो, दुसऱ्यात कृती. रिटनबर्ग जगला म्हणून दुसरे वाक्य लिहू शकला. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने गेले; त्यांचे वाक्य इतरांनी लिहिले.

त्या इतरांनी काय वगळले, हे पाहण्यासारखे आहे. सोलापूरचा हा डॉक्टर प्रथम क्वोमिंतांगच्या ताब्यातील प्रदेशात काम करीत होता. 1939 च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. त्याआधीच वडिलांच्या निधनाची बातमी आली होती. नंतर ते आघाडीजवळच्या सीमाप्रदेशात गेले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे 1941 मध्ये संचालक झाले, चिनी शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. माझ्या मते या आयुष्यातला खरा नाट्यबिंदू इथे आहे. ज्या भाषेत आपल्याला दुखते असे आपण कधी म्हटलेले नाही, त्या भाषेत दुसऱ्याचे दुखणे ऐकून त्यावर शस्त्र चालवायचे, आणि ते कसे चालवावे हेही त्याच भाषेत सांगायचे. पथकातील डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांना चीनवाचक ‘ह्वा’ हे अक्षर जोडून घेतले होते. कोटणीसांचे नाव ‘क दीह्वा’ झाले. ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1942 मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनह्वा : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षी ते पक्षाचे सभासद झाले. भाषा, नाव, संसार, पक्ष या क्रमात हळूहळू ‘होत जाणे’ आहे. त्याग हा शब्द त्याला अपुरा पडतो, कारण त्यागात फक्त सोडलेल्याचा हिशोब असतो.

व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (1946) या चित्रपटाने अब्बासांचाच आधार घेतला. मराठी प्रेक्षकाच्या मनातील कोटणीस बव्हंशी या हिंदी चित्रपटातले आहेत. त्यातला नायक प्लेगवर उपाय शोधतो, जपान्यांच्या हाती सापडतो, सुटतो आणि अखेर त्याच रोगाने मरतो. अपस्मार हा नायकाला न शोभणारा रोग. त्याला शत्रू नाही, त्यातून काही सिद्ध होत नाही. म्हणून मरणाला कार्यकारणभाव पुरवावा लागला. हा बदल लोकप्रिय कथनाच्या संकेतांतून समजू शकतो. मला अधिक बोलका वाटतो तो मरणशय्येवरचा प्रसंग. नायक पत्नीला सांगतो की ती त्याच्या घरी पोहोचेल तेव्हा तिला काय काय दिसेल. परतणे नायकाला जमले नाही, ते विधवेकडून करवून घेतले जाते. धक्क्यावरची रिकामी जागा अशी भरली की क्रांती ही केवळ पार्श्वभूमी उरते, आणि पार्श्वभूमी बदलून हीच कथा अन्यत्रही मांडता येते.

चिनी बाजूचे कथन याहून मोकळे आहे, असे मानण्याचे कारण नाही. माओने लिहिलेल्या श्रद्धांजलीत सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र गमावला, असा आशय आहे. ‘मित्र’ हा शब्द तपासावा. आपल्यातल्या सभासदाला कोणी राष्ट्राचा मित्र म्हणत नाही. तो शब्द पाहुण्याला लागू पडतो. पक्षात प्रवेश मिळाला तरी भाषेने त्यांना उंबरठ्यावरच ठेवले. कोटणीस सभासद झाले त्या 1942 सालीच येनानमध्ये शुद्धीकरणाची मोहीम चालू होती, मे महिन्यात साहित्य-कलाविषयक परिषद भरली होती आणि वांग शिवेइ या लेखकावर जाहीर खटल्यासारखी टीका झाली होती. सीमाप्रदेशातल्या शस्त्रक्रियागृहापासून हे सारे दूर होते, हे खरे. पण क्रांतीच्या आत असणे याचा अर्थ तिच्या शिस्तीच्याही आत असणे असा होतो. भारतीय कथनाला हा प्रश्न सुचतच नाही, चिनी कथनाला तो परवडत नाही. 1962 च्या युद्धानंतर तर या आयुष्याचा उपयोग प्रामुख्याने दोन सरकारांच्या सौजन्यभेटींपुरता झाला. हू जिन्ताव 2006 मध्ये मुंबईत आले तेव्हा कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटले, ही त्या वापराची एक रीतसर नोंद.

या सर्वांत धक्क्यावर उभी नसलेली निवेदक एकच आहे : ग्वो छिंगलान. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या आहेत. परतला नाही हे वाक्य त्यांच्या बाजूने संभवतच नाही; त्यांच्यासाठी तो आलेला माणूस होता. चित्रपटातली चिंग लान सासरी येते आणि कथा मिटते. प्रत्यक्षातल्या ग्वो छिंगलान पुढे पाहुणी म्हणून भारतात येऊन गेल्या, त्यांनी पुन्हा विवाह केला. यिनह्वा 1967 मध्ये, वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच गेला. त्या स्वतः 2012 पर्यंत जगल्या. दालियन शहरातल्या त्यांच्या या उत्तरायुष्याला आपल्याकडच्या कोणत्याही ‘अमर कहाणी’त जागा ठेवलेली नाही.