कुमारिकांचा अंडाशयविकार : निदान आणि उपचार यांची चिकित्सा

ऋतुप्राप्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुलीच्या शरीरात जे फेरफार होतात, त्यांतील निसर्गक्रम कोणता आणि विकार कोणता, हे ठरविणे वैद्यकास नेहमीच अवघड गेले आहे. पाळी लांबते, चेहऱ्यावर मुरमे येतात, हनुवटीवर लव दिसू लागते. या गोष्टी निरोगी मुलीतही आढळतात. आणि ज्या विकारास आपल्याकडे घरोघरी 'पीसीओडी' व शास्त्रीय लिखाणात 'पीसीओएस' म्हणतात, त्याच्याही खुणा याच होत. या विकारासंबंधीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ साली सिद्ध झाली व २०२३ साली सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. तीतील कुमारवयीन मुलींविषयीच्या भागाचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या भागाचे खरे मोल त्यातील औषधयोजनेत नसून, निदानाची घाई न करण्यास त्याने जो शास्त्राधार दिला, त्यात आहे. तथापि निदान लांबविल्यानंतरचा काळ मुलीने कोणाच्या देखरेखीखाली काढावयाचा, या प्रश्नाचे पुरेसे उत्तर त्यात मिळत नाही.

या विकाराच्या नावातच घोटाळ्याचे मूळ आहे. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथाल या वैद्यांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची पाळी बंद झाली होती व अंडाशय मोठे होऊन त्यांत अनेक पुटके दिसत होती. अंडाशयाचा काही भाग कापून काढणे, हा त्यांचा उपचार होता. तेव्हापासून अंडाशयाचे बाह्य रूप हेच विकाराचे लक्षण मानण्याचा प्रघात पडला. वस्तुतः ही पुटके म्हणजे गाठी नव्हेत. वाढ मध्येच थांबलेली ती बीजपुटके होत. विकाराचे मर्म पुरुषसंप्रेरकांच्या आधिक्यात आणि बहुधा इन्सुलिनला शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही यात आहे. इन्सुलिन वाढले की अंडाशयातील पुरुषसंप्रेरकांची निर्मितीही वाढते. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने हे नाव दिशाभूल करणारे असल्याने बदलावे, अशी शिफारस केली, ती याच कारणास्तव.

२००३ च्या रॉटरडॅम परिषदेने निदानाच्या तीन कसोट्या ठरविल्या : अंडमोचनातील अनियमितता, पुरुषसंप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे बहुपुटक अंडाशय. यांपैकी कोणत्याही दोन पुरेशा मानल्या गेल्या. प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत हे माप उपयोगी ठरले. परंतु तेच माप पंधरा वर्षांच्या मुलीस लावले, तर काय होते? तिची पाळी अनियमित असणे वयोमानानुसार संभवते, कारण मेंदू, पीयूषिका ग्रंथी व अंडाशय यांचा मेळ बसण्यास काही वर्षे जावी लागतात. तिच्या अंडाशयात पुष्कळ पुटके दिसणे, हेही त्या वयास साहजिकच. म्हणजे पुरुषसंप्रेरकांच्या आधिक्याची एकही खूण नसता तिच्यावर आजन्म विकाराचा शिक्का बसू शकतो.

मार्गदर्शिकेने हा दोष ओळखून दूर केला आहे. कुमारवयात पाळीची अनियमितता आणि पुरुषसंप्रेरकांचे आधिक्य या दोन्ही खुणा असल्याखेरीज निदान करू नये. सोनोग्राफीचा अथवा रक्तातील ए. एम. एच. या संप्रेरकाच्या मोजणीचा आधार घेऊ नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. अनियमितता कशास म्हणावे, हेही ऋतुप्राप्तीपासून लोटलेल्या काळावर ठरविले आहे. पहिल्या वर्षातील अनियमितता स्वाभाविक होय. पहिल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ दिवसांहून कमी किंवा ४५ दिवसांहून अधिक अंतर, आणि त्यानंतर ३५ दिवसांहून अधिक अंतर, हे अनियमित समजावयाचे. पहिले वर्ष उलटल्यावर एकदाही ९० दिवसांहून अधिक खंड पडला, तर तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हे. ज्या मुलीत काही खुणा आहेत पण निदान पुरे होत नाही, तिला 'जोखीम असलेली' असे मानून, तिच्या तक्रारींवर उपचार करावा आणि ऋतुप्राप्तीनंतर आठ वर्षांच्या सुमारास तिची फेरतपासणी करावी.

ही तिसरी अवस्था हे या मार्गदर्शिकेचे सर्वांत विचारपूर्वक केलेले कार्य होय. उपचार मिळण्यासाठी मुलीवर रोगाचे नाव लादले जाण्याची गरज तीमुळे उरत नाही. या संयमामुळे खरोखर आजारी मुलीची हेळसांड होईल, असा आक्षेप संभवतो. परंतु थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिनचे आधिक्य, अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष ही कारणे आधी तपासून पाहावीत आणि पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही तर चौकशी करावी, हे तीत सांगितले असल्याने तो आक्षेप टिकत नाही.

उपचारांच्या विवेचनात मात्र मार्गदर्शिका तितकी निःशंक नाही, आणि तसे असणे प्रामाणिकपणाचेच आहे. अनियमित पाळी व अतिरिक्त केस यांसाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळीचा विचार करावा, असे ती सांगते. या गोळीने गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण होते आणि रक्तातील मुक्त पुरुषसंप्रेरक घटते. केसांवरील परिणाम दिसण्यास मात्र निदान सहा महिने लागतात. रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा पूर्वेतिहास अथवा दृष्टिदोषाच्या पूर्वसूचनेसह येणारी अर्धशिशी असल्यास ही गोळी वर्ज्य होय. मेटफॉर्मिन या औषधाचाही विचार करावा, असे तीत म्हटले आहे; ते अल्प मात्रेपासून चढवीत न्यावे व कुमारवयात दिवसास दोन ग्रॅमपलीकडे जाऊ नये.

येथे अभ्यासकाने एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. गोळी चालू असता ठरल्या दिवशी होणारा स्राव हा गोळ्यांतील खंडामुळे होतो. अंडमोचन पूर्ववत झाल्याची ती खूण नव्हे. मेटफॉर्मिनने पाळी सुधारली, तर ती शरीराच्या अंतर्गत व्यवहारात पडलेल्या फरकामुळे. दोहोंस 'पाळी नियमित झाली' असे एकाच शब्दांत म्हटल्याने घरच्यांची समजूत होते की, रोग गेला. आणि गोळी थांबताच पाळी पुन्हा लांबली की, औषधाने बिघाड केला असे वाटते. शिवाय गोळी चालू असता संप्रेरकांची रक्तचाचणी विश्वसनीय राहत नाही. निदान तीन महिने ती थांबवावी लागते. आपल्याकडे 'पाळी येण्याच्या गोळ्या' आधी आणि तपासणी मागाहून, असा क्रम पुष्कळदा दिसतो. त्यात निदानाचा पुरावाच झाकला जातो.

आता उणिवा पाहू. मार्गदर्शिकेत ७७ शिफारशी पुराव्यावर आधारलेल्या, ५४ तज्ज्ञांच्या एकमतावर आधारलेल्या आणि १२३ व्यवहारसूचना आहेत. उपलब्ध पुरावा कनिष्ठ ते मध्यम प्रतीचा असल्याचे कर्त्यांनीच मान्य केले आहे. कुमारवयीन मुलींबाबत तर तो आणखी विरळ असून प्रौढ स्त्रियांवरील निष्कर्ष पुष्कळ ठिकाणी उसने घ्यावे लागतात. जीवनक्रमातील सुधारणेस तीत अग्रस्थान आहे : रोज साठ मिनिटे व्यायाम, आणि कोणताही एक आहार दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरलेला नाही, असा निर्वाळा. उपदेश योग्यच आहे. परंतु दहावीच्या वर्षात शाळा व शिकवणी यांतून, मोकळे मैदान नसलेल्या वस्तीत, मुलीने तो तास कोठून आणावा, याचा विचार शिफारशीच्या पलीकडे राहतो. आणि तास न मिळाल्याचा दोष अखेर मुलीच्या माथी येतो.

सर्वांत मोठी उणीव त्या आठ वर्षांची आहे. तेराव्या वर्षी ऋतुप्राप्ती झालेल्या मुलीची फेरतपासणी एकविसाव्या वर्षी येते. या काळात ती शाळेतून महाविद्यालयात, गावातून शहरात आणि पुष्कळदा माहेरातून सासरी जाते. बालरोगतज्ज्ञाकडून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तिची रवानगी होते, पण तिची नोंद तिच्याबरोबर जात नाही. मागे उरतात ती घरातली दोन वाक्ये : 'लग्न झाले की सारे सुरळीत होईल' आणि 'हिला मूल होणार नाही'. पहिले निराधार आहे. दुसरेही खरे नाही. या विकारातील कित्येक स्त्रियांस आपोआप, तर इतरांपैकी बहुतेकींस औषधोपचाराने अपत्यप्राप्ती होते. चिंता व विषाद यांची चौकशी करावी, ही मार्गदर्शिकेची सूचना अशा घरात केवळ औपचारिक ठरू नये.

एकूण पाहता, कुमारिकेच्या बाबतीत ही मार्गदर्शिका पूर्वीच्या निकषांहून निश्चितच अधिक न्याय्य आहे. तिचा संयम सफल व्हावयाचा, तर पाळीच्या तारखा, केलेल्या चाचण्या व घेतलेली औषधे यांची एक साधी मराठी नोंदवही मुलीच्याच हाती असावयास हवी. तसेच जोखमीची म्हणून गणलेल्या मुलींचे आठ वर्षांनंतर काय झाले, याचा शोध आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून घेतला गेला पाहिजे. विद्यापीठीय संशोधनास हे काम अवघड नाही. त्यास चिकाटी मात्र लागेल, कारण त्याचे फळ एका प्रबंधाच्या मुदतीत हाती येणारे नाही.