पाहुणे, यजमान आणि ‘शोला जो भडके’

मंडळी, आज दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून ऐकू. एक, कार्लोस सँटानाचा १९९९चा ‘सुपरनॅचरल’ हा अल्बम. दुसरी, १९५१च्या ‘अलबेला’ची गाणी. मध्ये ४८ वर्षांचं अंतर, पण प्रश्न एकच: नाना प्रकारचे पाहुणे घरी बोलावले, की घर कोणाचं राहतं?

सँटाना मूळचा मेक्सिकोचा. क्यूबन ताल आणि इलेक्ट्रिक गिटार यांची सांगड घालून तो १९६९च्या वुडस्टॉकमध्ये गाजला. तीस वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर, त्यानं पाहुणे जमवले: रॉकमधला रॉब थॉमस, हिपहॉपमधले लॉरिन हिल आणि वायक्लेफ जीन, ब्लूजचा एरिक क्लॅप्टन, शिवाय मेक्सिकोचाच ‘माना’ हा बँड. अल्बमला ९ ग्रॅमी मिळाले. आम्हाला मात्र तो सगळा सारखा पटत नाही. ‘स्मूथ’मध्ये पायाला चाचाचाचा ठेका आहे आणि गिटार गायकाला ओळीओळीला उत्तर देते. तिथं यजमान घरातच आहे. ‘मारिया मारिया’त हिपहॉपचा ठेका पुढे येतो आणि गिटार उरलेल्या जागा भरते. आपल्याच पंगतीत यजमान वाढपी झाला, असं वाटतं.

आता ‘अलबेला’. भगवानदादांचा सिनेमा, संगीत सी. रामचंद्र यांचं. रामचंद्र चितळकर म्हणजे पुणतांब्याचे, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले. त्यांच्या हाताशी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईत जॅझ वाजवणारा हा माणूस. गोव्यात चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकलेले असे कितीतरी वादक तेव्हा मुंबईच्या स्टुडिओंत होते.

‘शोला जो भडके’ ऐका. बोंगो आहेत, ब्रासचे फटकारे आहेत, सगळा थाट लॅटिन. पण वाद्यं बाजूला काढा आणि चाल नुसती गुणगुणून बघा. ती आपलीच निघते. सुरांची वळणं कोणालाही पेलतील अशी आहेत. म्हणून तर त्याच सिनेमात ‘धीरे से आजा री’ ही अंगाई येते, तेव्हा घर बदलल्यासारखं वाटत नाही. या कसोटीला रामचंद्र सँटानापेक्षा सरस ठरतात, असं आमचं मत आहे.

पण दुसरी एक कसोटी आहे, आणि तिथं निकाल उलटा लागतो. सँटानानं गाण्यागाण्याला पाहुण्याचं नाव छापलं. त्यात धंदा होता, कबूल; पण नाव लागलं. ‘अलबेला’त चिक आणि त्यांचा बँड पडद्यावर दिसतो, तरी त्या काळच्या रेकॉर्डींवर नावं गायकाची आणि संगीतकाराची. ट्रम्पेट कोणी फुंकला, बोंगो कोणी वाजवला, हे लेबल सांगत नाही. आज ती नावं शोधायला बसलं, की वादकांच्या आठवणींवर भिस्त ठेवावी लागते, आणि आठवणी माणसांबरोबर जातात.

हे जुनं दुखणं आहे, असं म्हणून सोडू नका. गुलमंडीवरून वरात जाते, बँडवाले तीच जुनी धून धरतात, आपण नाचतो. नवरदेवाचं नाव पाटीवर असतं. ट्रम्पेटवाल्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय?