‘अच्छेव’ आणि थांबलेले ट्रक

पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोकणी कादंबरी १९७७ची. विद्या पै यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २००२मध्ये आला आणि मराठीतले माझ्यासारखे काही वाचक त्या वाटेने मूळ पुस्तकाकडे वळले. मूळ देवनागरीत असूनही! शेजारच्या भाषेशी आपले नाते हे असे आहे.

गोव्यातली खाण म्हटले की अवाढव्य उद्योग डोळ्यांपुढे येतो. पण पोर्तुगीज काळात दिलेले खाणपट्टे सहसा शंभर हेक्टरांच्या आतले, गावाला लागूनच. नायक तेवढ्याच अंतरावरून लिहितात. कोळंब गावातला पंढरी हा शेतकरी. खाणीवर रोख मजुरी मिळू लागते आणि गावाचे पाय शेतातून निघतात. कादंबरीचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. बांध घालणे, पाणी वळवणे ही एकट्याची कामे नसतात. चार घरे खाणीवर गेली की पाचव्याचे शेतही पडीक पडते. खाणीच्या ढिगाऱ्यांची लाल माती पावसात शेतात उतरते, खड्ड्यातले पाणी उपसले की विहिरी आटतात, हे सगळे खरेच. पण शेती मोडायला त्याआधीच मजुरीच्या दरापासून सुरुवात झालेली असते. हे अर्थशास्त्र नायकांना पक्के ठाऊक आहे.

पुढे मात्र मला ही कादंबरी पटत नाही. गावाचा ऱ्हास ती कुटुंबाच्या नैतिक पडझडीतून, त्यातही बायकांच्या चारित्र्यातून मोजू लागते. बाई खाणीवर गेली म्हणून घर बुडाले, असा अर्थ वाचकाच्या मनात नकळत रुजतो. खनिजाचा पैसा कुठे गेला, हा प्रश्न तेवढ्यात मागे पडतो.

२०१२मध्ये गोव्यातले खाणकाम बंद झाले. पुन्हा सुरू झाले, तर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसे दारात उभ्या ट्रककडे पाहत बसली, आणि खाण पुन्हा सुरू करा म्हणून रस्त्यावर उतरली. त्यांना लोभी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण परतायला त्यांच्यापाशी शेत कुठे होते? ‘अच्छेव’ वाचलेल्याला तरी ते कळायला हवे. पंढरीच्या नातवाची कादंबरी, कोकणीत असो वा मराठीत, माझ्या वाचनात अजून आलेली नाही.