शब्दांचे माहेर

संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. मराठीत मात्र तो कपाळाला आठ्या घालतो. ‘शिक्षा’ तिकडे विद्या, इकडे छडी. हे अर्थ कोणा पंडिताने बदलले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोलली, चुकली, तेव्हा ते बदलले. म्हणूनच एका माणसाने टेबलाशी बसून रचलेल्या भाषेतही शब्दांचे अर्थ पालटतात असे ऐकले, तेव्हा मला हसू आले होते.

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धानंतर काही काळ ते ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्ती शोधत होते. आपल्या कथांतल्या एल्फ नावाच्या अमर लोकांसाठी त्यांनी भाषाच घडवल्या: फिनिश वळणाची क्वेन्या आणि वेल्श वळणाची सिंदारिन, दोघींचे धातू एकच. त्या धातूंची यादी १९८७ साली छापली गेली. खरे सांगायचे तर ती मला रुक्ष वाटली. शब्दांत जीव येतो तो कथेत.

एक राजा डोंगरांच्या कड्यात नगर वसवतो. तिथे कारंजी असतात, म्हणून क्वेन्येत नाव ठेवतो ‘ओंदोलिंदे’, जलसंगीताचा खडक. सिंदारिनमध्ये त्याचे ‘गोंदोलिन’ होते आणि अर्थ होतो ‘गुप्त खडक’. शत्रूपासून लपून राहणाऱ्यांना नावातही लपणेच ऐकू यावे, हे किती खरे! पण इथे माझी एक तक्रार आहे. १९१७ च्या सुमाराच्या खर्ड्यात गोंदोलिनचा अर्थ ‘गाण्याचा दगड’ असाच आहे. तेव्हा विचार बदलला तो लेखकाचा आणि खर्च पडला एल्फांच्या खाती, अशी मला शंका येते. असो, हिशेब चोख जुळवला आहे, हेही कबूल केले पाहिजे.

हॉबिट मंडळी तर याहून वस्ताद. ‘बारांदुइन’ म्हणजे सोनेरी-तपकिरी नदी. यांनी तिला आधी ‘सीमेचे पाणी’ केले आणि मग थट्टेत ‘डोक्यात चढणारी दारू’!

सर्वांत मला लागली ती फेआनोरची हकीकत. टॉल्किननी ती १९६८ मध्ये लिहिली, छापली गेली १९९६ मध्ये. क्वेन्येतला जुना ‘थ’ लोकांच्या तोंडी ‘स’ होऊ लागतो. फेआनोरची मृत आई सुईकामात निपुण, म्हणून ‘थेरिंदे’. आता सारे म्हणणार ‘सेरिंदे’. त्याची सावत्र आई तर माहेरच्या बोलीत ‘थ’ शाबूत असूनही सासरचा ‘स’ उचलते. त्याला तो आईचा अपमान वाटतो आणि तो हट्टाने ‘थ’ धरून बसतो. एका अक्षरावरून घर दुभंगते. भाषाशास्त्राच्या ग्रंथांत ध्वनिबदलाचे नियम पुष्कळ वाचले. त्याने कोणाचे काय गेले, हे मला इथे प्रथम कळले.

माझ्या आईचे नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून बदलले होते. जुन्या नावाने तिला फक्त मामा हाक मारी. मामा गेला त्या वर्षी भाऊबीजेला तिने अंगणात उभे राहून चंद्राला ओवाळले. तिचे ते नाव माझ्या ओठांशी आले होते. हाक मारायचा धीर झाला नाही.