सैनिकांच्या गोष्टीत न बसणारा इंटरफेरॉन

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे हे गाव आहे. तेथील नववीच्या मुलांशी रोगप्रतिकारशक्तीवर बोलण्याचा योग आला. मी नेहमीची गोष्ट सांगितली : शरीर म्हणजे किल्ला, त्वचा म्हणजे तट, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक आणि प्रतिपिंडे ही त्यांची शस्त्रे. मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, विषाणू पेशीच्या आत शिरून बसतो असं तुम्हीच सांगितलंत. मग बाहेरच्या सैनिकांना तो दिसणार कसा? आणि ते येईस्तोवर आतली पेशी नुसती बसून राहते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ होते. बाधित पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि काही विशिष्ट पांढऱ्या पेशी ते ओळखून त्या पेशीलाच नष्ट करतात. पण नव्या विषाणूविरुद्ध अशी फौज उभी राहण्यास आठवडाभर लागतो. विषाणूला मात्र एका पेशीतून दुसरीत जाण्यास काही तास पुरतात. मधल्या काळात काय होते, याचे उत्तर माझ्या गोष्टीत नव्हते. आपण सारे शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आलेल्या या गोष्टीचे परीक्षण करावे, असे म्हणूनच वाटले.

ही गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. साध्या पेशीला, म्हणजे नाकातल्या, घशातल्या वा त्वचेतल्या पेशीला, ती निव्वळ बळी ठरवते. प्रयोगाने ही समजूत 1957 मध्येच मोडीत काढली आहे. लंडनजवळच्या मिल हिल येथील संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलाचे तुकडे घेतले आणि त्यांना उष्णतेने निष्क्रिय केलेले इन्फ्लुएन्झाचे विषाणू दिले. काही तासांनंतर त्यांनी भोवतालचा द्रव काढून तो नव्या, ताज्या तुकड्यांवर घातला आणि मग त्यांवर जिवंत विषाणू सोडले. विषाणूंची वाढ रोखली गेली! त्या तुकड्यांना रक्तपुरवठा नव्हता. कुमक येण्याची सोयच नव्हती. पेशींनीच द्रवात काहीतरी सोडले होते. विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारे म्हणून त्याला 'इंटरफेरॉन' हे नाव मिळाले. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी 1954 मध्ये सशाच्या त्वचेवर प्रयोग करून अशाच एका घटकाची नोंद केली होती, हेही वर्गात सांगावे. शोधाचे श्रेय एकाच नावावर मांडण्याची आपली सवय त्यामुळे थोडी सैल होईल.

आता दुसरा दोष पाहू. जेथे इंटरफेरॉनचा उल्लेख येतो, तेथेही 'इंटरफेरॉन विषाणूला मारतो' असे वाक्य सर्रास आढळते. हे क्रियापद चुकीचे आहे. इंटरफेरॉन विषाणूला हातही लावत नाही. तो एक निरोप आहे.

आहुप्याच्या मुलांना वणवा ठाऊक आहे. उन्हाळ्यात डोंगरावरचे गवत पेटले की पहिला पाहणारा हाक देतो. हाकेने आग विझत नाही. पण ती ऐकून वाडीतली माणसे घराभोवतीचे वाळके गवत काढून जाळरेषा आखतात. आग तेथे पोहोचते तेव्हा तिला खायला काही उरलेले नसते. इंटरफेरॉन ही अशी हाक आहे.

ती हाक पेशीला ऐकू कशी येते? विषाणूचा आरएनए पेशीत शिरला की त्याचे वेगळे रूप ओळखणारी प्रथिने पेशीत पहाऱ्यावर असतात. त्यांच्या इशाऱ्यावरून केंद्रकातील इंटरफेरॉनचे जनुक जागे होते आणि तयार झालेले इंटरफेरॉन पेशीबाहेर पडते. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याचे ग्राही असतात. इंटरफेरॉन त्यांना चिकटले की ग्राहींच्या आतल्या टोकाला जोडलेली जॅक-1 आणि टिक-2 ही विकरे कार्यरत होतात. ती स्टॅट-1 आणि स्टॅट-2 या प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडतात. मग ही दोन प्रथिने आयआरएफ-9 या तिसऱ्या प्रथिनासह केंद्रकात जातात, डीएनएवरील ठरावीक खुणेवर बसतात आणि शेकडो जनुकांचे प्रतिलेखन सुरू होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेम्स डार्नेल यांच्या गटाने 1990 च्या दशकाच्या आरंभी या मार्गाचा मोठा भाग उलगडला. पेशीबाहेरच्या निरोपाने केंद्रकातील जनुके कशी चालू होतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण शालेय जीवशास्त्राला दुसरे क्वचितच मिळेल.

या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांत एक मौज आहे. पीकेआर हे प्रथिन पेशीतील प्रथिननिर्मिती थांबवू शकते. ओएएस हे दुसरे प्रथिन आरएनए कापणाऱ्या विकराला जागे करते. पण ही दोन्ही प्रथिने दुपदरी आरएनए सापडेपर्यंत स्वस्थ असतात, आणि असा आरएनए मुख्यतः विषाणूच्या वाढीत निर्माण होतो. म्हणजे हाक ऐकून पेशी तयारी करते. कृती मात्र विषाणू प्रत्यक्ष आत आल्यावर होते. दोन कुलपांची ही योजना आहे, कारण प्रथिननिर्मिती थांबवणे पेशीलाही महागात पडते. जाळरेषेसाठी गवत काढले की चाराही जातोच! म्हणून हा मार्ग बंद करणारी प्रथिनेही याच हाकेने तयार होतात. तापात अंग मोडून येते, त्यातही इंटरफेरॉनचा वाटा असतो; औषध म्हणून ते टोचले तरी ताप आणि अंगदुखी जाणवते.

अर्थात माझ्या वणव्याच्या उपमेचेही परीक्षण व्हायला हवे. वणवा हाक देणाऱ्याचे तोंड दाबत नाही, विषाणू दाबतो. जुलै 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे, महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण आढळला. झिका विषाणूचे एनएस-5 हे प्रथिन मानवी पेशीतील स्टॅट-2 ला धरून त्याचा नाश घडवते. हाक कानावर येते, पण निरोप केंद्रकापर्यंत जात नाही. उंदराच्या स्टॅट-2 वर मात्र त्याचा असा परिणाम होत नाही. साधा उंदीर झिकाने सहसा आजारी पडत नाही, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

केवळ सैनिकांवर भिस्त ठेवता येत नाही, याचे प्रमाणही उंदरांनीच दिले. इंटरफेरॉनचा ग्राही नसलेले उंदीर 1994 मध्ये अभ्यासले गेले. त्यांच्या पांढऱ्या पेशींची जडणघडण सर्वसाधारण होती, तरीही अनेक विषाणूंपुढे ते टिकले नाहीत. माणसांतील पुरावा कोविडच्या साथीत मिळाला. गंभीर कोविडच्या 987 रुग्णांपैकी किमान 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. सौम्य वा लक्षणरहित संसर्ग झालेल्या 663 जणांपैकी एकाच्याही नाही. आपल्या गोष्टीतले सैनिकांचे शस्त्रच येथे हाक बंद पाडत होते.

तिसरा दोष वर्गाबाहेरचा आहे. मार्च 1980 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने इंटरफेरॉनला कर्करोगावरील आशास्थान म्हणून मुखपृष्ठावर झळकवले. पुढे काही कर्करोगांत आणि यकृतदाहात त्याचा उपयोग झाला, पण चमत्कार झाला नाही. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीत कोविडच्या दाखल रुग्णांना इंटरफेरॉन-बीटा दिले गेले. या चाचणीच्या भारतातील भागाचे समन्वयन भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होते. इंटरफेरॉन मिळालेल्या 2050 पैकी 243 रुग्ण दगावले, तर न मिळालेल्या 2050 पैकी 216. फायदा दिसला नाही. लगेच 'इंटरफेरॉन फोल ठरले' असे म्हटले गेले. पण गावात आग पसरल्यावर दिलेली हाक कितपत उपयोगी पडणार? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्राझील व कॅनडातील एका चाचणीत लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत इंटरफेरॉन-लॅम्डाचे एकच इंजेक्शन दिले गेले. रुग्णालयात दाखल होणे वा तातडीच्या कक्षात दीर्घकाळ देखरेखीखाली राहणे याचे प्रमाण 5.6 टक्क्यांवरून 2.7 टक्क्यांवर आले. दोन्ही चाचण्यांतील इंटरफेरॉनचे प्रकार वेगळे आणि रुग्णही वेगळे. त्यामुळे ही थेट तुलना नव्हे, हे विद्यार्थ्यांना बजावून सांगावे. पण 'औषध चांगले की वाईट' या प्रश्नाआधी 'कोणाला आणि केव्हा' हा प्रश्न विचारावा लागतो, एवढे निश्चित. सैनिकांच्या गोष्टीवर वाढलेला नागरिक असा प्रश्न विचारत नाही. तो अधिक जोरकस शस्त्र मागतो.

मग सैनिकांची गोष्ट टाकून द्यावी काय? तसे मी म्हणणार नाही. ती सांगावी, पण ती सांगून झाल्यावर त्या मुलीचा प्रश्न आपणच वर्गाला विचारावा. फळ्यावर शेजारी शेजारी दोन पेशी काढाव्यात. एकीत विषाणू, दुसरी निरोगी. 'पहिली पेशी दुसरीला काय देऊ शकेल, आणि ते मिळाल्यावर दुसरीने आधी काय करावे?' असे विचारून मुलांना बोलू द्यावे. आहुप्यात दुसऱ्या दिवशी मी हेच केले. पहिलेच उत्तर आले, "हाक." नावे, विकरे, जनुके हे सारे त्यानंतर सांगणे फारसे अवघड गेले नाही.