देहाचा हिशेब आणि डोंगराचा पायथा : देहाधिष्ठित आघातोपचाराची चिकित्सा

प्रस्तावना

मानसिक आघातावर केवळ संवादातून नव्हे, तर श्वास, हालचाल, स्पर्श व शारीरिक संवेदना यांच्या मार्गाने उपचार करावेत, हा विचार गेल्या तीन दशकांत जगभर प्रतिष्ठा पावला आहे. पीटर लेव्हिन यांचा ‘वेकिंग द टायगर’ (१९९७) आणि बेसेल व्हॅन डर कोल्क यांचा ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ (२०१४) हे या विचाराचे दोन आधारग्रंथ मानले जातात. शहरातील समुपदेशन केंद्रांपासून कर्जत परिसरातील साप्ताहिक सुट्टीच्या निवासी शिबिरांपर्यंत या ग्रंथांची परिभाषा आता पोहोचली आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने दुसऱ्या ग्रंथाच्या प्रतिपादनाची चिकित्सा केली आहे. कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावातून, म्हणजेच कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातून, हा ग्रंथ वाचला असता त्याचे कोणते दावे टिकतात व कोणते अपुरे पडतात, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन

व्हॅन डर कोल्क यांनी आपल्या कारकिर्दीच्या प्रारंभी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार केले. ‘आघातोत्तर ताणविकृती’ या निदानाला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये स्थान मिळाले. त्या घडामोडीचे ते निकटचे साक्षीदार होते. त्यांच्या मांडणीचे सार असे : आघात ही केवळ दुःखद आठवण नसते. धोका टळल्यानंतरही देह धोक्याच्याच अवस्थेत राहतो. हृदयगती, स्नायूंचा ताण, झोप व पचन यांत तो प्रकट होतो. आघाताच्या स्मरणप्रसंगी मेंदूतील वाणीशी संबंधित भाग मंदावतो, म्हणून पीडित व्यक्तीला ‘बोलून मोकळे हो’ असे सांगणे पुरेसे ठरत नाही. विचारातून देहाकडे जाण्याबरोबरच देहातून विचाराकडे येणारी वाटही उपचाराने अवलंबावी, असे ते सुचवतात. योग, नाट्य, नेत्रचालनावर आधारलेली ईएमडीआर पद्धती यांवर त्यांनी स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत.

या ग्रंथाचे श्रेय निर्विवाद आहे. बालपणातील अत्याचार व घरगुती हिंसा यांच्या शारीरिक परिणामांकडे त्याने सर्वसामान्य वाचकाचे लक्ष वेधले. पीडिताच्या डोकेदुखीला अथवा छातीतील धडधडीला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकण्याची वृत्ती त्याने खोडून काढली.

मराठी भाषेतील देह

मराठी वाचकाला या प्रतिपादनाचा गाभा अपरिचित वाटणार नाही. धसका घेणे, हाय खाणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, काळजाचे पाणी होणे हे आपले नित्याचे वाक्प्रचार भीती व दुःख देहातच वसवतात. ‘धसका’ या एका शब्दात घटना, तिचा शारीरिक परिणाम आणि त्याचे दीर्घकाळ टिकणे या तिन्ही गोष्टी सामावतात.

तथापि वाक्प्रचार म्हणजे शरीरशास्त्र नव्हे. ग्रंथाच्या शीर्षकातील ‘देह हिशेब ठेवतो’ हेही एक रूपकच आहे. हे रूपक हळूहळू तथ्य म्हणून वाचले जाते, आणि स्नायूंत अथवा सांध्यांत आठवणी साठून राहतात व त्या पिळून बाहेर काढता येतात, असा समज रूढ होतो. देहातील सततची सावधावस्था मोजता येते. परंतु घटनेची स्मृती ऊतींमध्ये साठते याला पुरावा नाही. सावधावस्थेचे नियमनही मेंदूच करतो. हा भेद शब्दच्छल नाही. ‘दडलेली आठवण’ बाहेर काढण्याच्या आग्रहातून न घडलेल्या घटनांच्या आठवणीही निर्माण होऊ शकतात. रिचर्ड मॅकनॅली यांनी ‘रिमेंबरिंग ट्रॉमा’ (२००३) या ग्रंथात दाखवून दिले की, आघातग्रस्तांची अडचण बहुधा विस्मरणाची नसून अतिस्मरणाची असते.

पुराव्याची मर्यादा

वाणीचे केंद्र मंदावते या दाव्यामागील १९९६ चा मेंदू-प्रतिमा अभ्यास अवघ्या ८ रुग्णांवर झाला होता. योगाविषयीचा व्हॅन डर कोल्क व सहकाऱ्यांचा २०१४ मधील अभ्यास अधिक भक्कम आहे. दीर्घकालीन आघातविकृती असलेल्या ६४ स्त्रियांपैकी काहींना १० आठवडे योगवर्ग व उर्वरितांना आरोग्यशिक्षण देण्यात आले. अखेरीस योगगटातील ३१ पैकी १६, तर दुसऱ्या गटातील २९ पैकी ६ स्त्रिया निदानाच्या निकषांबाहेर आल्या. लेव्हिन यांच्या पद्धतीचा इस्रायलमधील यादृच्छिक अभ्यासही (२०१७) अनुकूल ठरला. मात्र त्यात ६३ व्यक्ती होत्या आणि तुलना प्रतीक्षायादीतील व्यक्तींशी होती.

भारतातील पुरावा आणखी तुटपुंजा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर दक्षिण भारतातील १५० आपद्ग्रस्तांना देहाधिष्ठित उपचाराचे एकच ७५ मिनिटांचे सत्र देण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात बहुसंख्यांना दीर्घकाळ आराम पडल्याचे नमूद आहे. परंतु तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता. काळ, शेजार व पुनर्वसन यांनी किती साधले आणि सत्राने किती, हे त्यावरून ठरत नाही. २००८ च्या बिहारमधील महापुरानंतर शर्ली टेलिस व सहकाऱ्यांनी २२ पुरुषांवर केलेल्या एका आठवड्याच्या अभ्यासात योगगटातील दुःखभावना घटली, तर नियंत्रण गटातील चिंता वाढली. निष्कर्ष आश्वासक आहे. संख्या मात्र लहान आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या आघातोत्तर विकृतीसाठी आघातकेंद्री बोधात्मक-वर्तनोपचार व ईएमडीआर यांची शिफारस केली. देहाधिष्ठित पद्धती या उपचारांना पूरक ठरू शकतात. त्यांची जागा घेण्याइतका पुरावा अद्याप त्यांच्यापाशी नाही.

योग : उगम आणि उसनवारी

व्हॅन डर कोल्क यांच्या ग्रंथात भारत प्रामुख्याने योगाचे उगमस्थान म्हणून येतो. चीनमधील ताई-ची व आफ्रिकेतील तालवादन यांच्या पंक्तीत त्याचा ओझरता उल्लेख होतो. वस्तुतः योगाचा प्रयोगशालेय अभ्यास हीदेखील इथलीच परंपरा आहे. भिसेगावाहून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि यौगिक क्रियांचा क्ष-किरण व दाबमापनाच्या साहाय्याने अभ्यास केला.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. योग आपला आहे म्हणून आपला प्रत्येक योगवर्ग आघातग्रस्तास मानवेलच असे नाही. बोस्टनच्या वर्गातील शिक्षक आज्ञा करत नाहीत, केवळ सुचवतात. आसन करायचे की सोडायचे, याचा निर्णय स्त्रीकडेच राहतो. आपल्याकडील योगशिक्षणाची भाषा मात्र आज्ञार्थी आहे : डोळे मिटा, श्वास रोखा, हालू नका. जिच्या देहावर बळजबरी झाली आहे, तिच्यासाठी मिटलेले डोळे व परक्याची आज्ञा हेच भयाचे कारण ठरू शकते. येथे आसनापेक्षा क्रियापदाचे रूप अधिक महत्त्वाचे आहे.

‘उत्तर’ कोणत्या आघाताचे?

ग्रंथाची सर्वांत गंभीर मर्यादा ‘आघातोत्तर’ या संज्ञेतील ‘उत्तर’ या पदात आहे. धोका भूतकाळात गेला असून देह मात्र तो वर्तमानात समजतो, हे सारे प्रतिपादन गृहीत धरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. बचाव पथके पायी चढून गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ व्यक्ती बेपत्ता असताना शोधकार्य थांबवण्यात आले. वाचलेल्यांना चौक येथे कंटेनरमध्ये तात्पुरता निवारा मिळाला आणि पक्क्या घरांचे काम सिडकोकडे सोपवले गेले.

ही घटना एकाकी नाही. महाड तालुक्यातील जुई (२००५), आंबेगाव तालुक्यातील माळीण (२०१४) व पुन्हा महाडमधील तळीये (२०२१) ही गावे दरडींखाली गेली. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या अशाच एखाद्या वाडीतील स्त्री आषाढातील मुसळधार पावसात रात्रभर जागी राहत असेल, तर तिच्या देहाला ‘चुकीचा इशारा देणारा’ म्हणता येत नाही. तिचा धोका आजही डोक्यावर उभा आहे. श्वसनाच्या अभ्यासाने तिला शांत निजवणे हा उपचार की फसवणूक, हा प्रश्न टाळता येणार नाही. ज्यांचे आप्त मातीखालीच राहिले, त्यांच्या शोकालाही केवळ मज्जासंस्थेची बिघडलेली घडी समजणे अन्यायाचे होईल.

या संदर्भात कर्जत येथीलच एक उदाहरण उद्बोधक आहे. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेले श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आसरा देते, औषधोपचार करते व त्यांच्या घरी पोहोचवते. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे रुग्ण वेगळे व त्यांचे विकारही वेगळे. तरीही निवारा, अन्न, औषध व परतण्यासाठी घर या क्रमाने होणारी शुश्रूषा ‘देहाधिष्ठित’ या शब्दाचा अधिक मूलभूत अर्थ दाखवते.

निष्कर्ष

देह हा आघाताचा साक्षीदार आहे, हे ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ या ग्रंथाने समर्थपणे पटवून दिले. परंतु साक्षीदाराला शांत करणे म्हणजे न्याय देणे नव्हे. आपत्तीनंतर विद्यार्थी-स्वयंसेवकांना वस्तीवर नेणाऱ्या, तसेच महाविद्यालयीन समुपदेशन कक्षात आदिवासी वाड्यांतील विद्यार्थ्यांना भेटणाऱ्या प्राध्यापकांनी म्हणूनच तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात : अल्पमुदतीच्या कार्यशाळेतील प्रमाणपत्राला चिकित्सेचा अधिकार समजू नये, संमतीवाचून देहाला हात लावू नये वा आठवण उकरू नये, आणि श्वसनाचा पाठ देण्यापूर्वी विद्यार्थ्याचे घर सुरक्षित जागी आहे काय, हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास उपचाराचा पहिला कागद तहसील कार्यालयाकडे जाणारा अर्ज असला पाहिजे.