गावाचा नकाशा आणि आपली समीक्षा

ग्रामीण कादंबरीवर लिहिताना आपले समीक्षक ‘गावाचे प्रत्ययकारी चित्रण’ हे शब्द फार सढळ हाताने वापरतात. ते गाव कोठे उभे राहून पाहिले, हे मात्र विचारीत नाहीत. मला ते विचारावेसे वाटते.

काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीला कूस, कुसाला वेस. आत पाटलाचा वाडा, चावडी, देऊळ. महारवाडा, मांगवाडा बाहेर. नदी असली तर वरचा पाणवठा गावाचा, खालचा आमचा. पाणी उताराने वाहते हा भूगोल झाला. वर कोणी भरायचे हे भूगोलाने ठरविलेले नाही.

दोन गावांत शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची घेत. शिवेचा दगड कोणता, हद्द कोठून जाते, हे त्याला पाठ. सांगावा पोचविणे, सारा नेणे, मेलेले ढोर ओढणे यांत सारे शिवार त्याच्या पायाखालचे. मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि दारोदारची भाकर. १९५८ च्या कायद्याने ती वतनेही गेली. गावाची हद्द ज्याच्या शब्दावर ठरे, त्याला पांढरीत मात्र जागा नव्हती! त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) गावाची घडण बारकाईने नोंदलेली आहे, पण नजर चावडीवरची आहे. ‘बनगरवाडी’ (१९५५) ही धनगरांची वाडी. तेथे महारवाडा का नाही असे विचारणे मी अन्याय मानीन. माझा आक्षेप वाडीवर नाही, तिला अवघ्या मराठी खेड्याचा नमुना मानणाऱ्या वाचनावर आहे.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेडे हा घटक नाकारून व्यक्ती हा घटक स्वीकारणाऱ्या मसुद्याचे समर्थन केले. ज्यांना खेडे आतून दिसत होते त्यांना ते बोचले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात नवल वाटण्यासारखे काय होते?

दलित आत्मकथनांत निसर्ग नाही, अशी तक्रार मी ऐकली आहे. ओढा, चिंच, विहीर सारे तेथे आहे. फक्त ते अंतर म्हणून येते. पाणी किती लांब, कोणाच्या दारावरून न जाता कसे आणायचे, हे ज्याला मोजावे लागते त्याच्या लेखनात संध्याकाळचे रंग थोडे कमीच भरणार.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. योग्यच झाले. पण पाटीवर समतानगर वाचून कादंबरीकाराने वस्तीची जागाही बदलली असे समजू नये. अनेक गावी स्मशानाची वाट आजही वेगळी आहे.